उंबऱ्याबाहेरची धुळाक्षरं

मागल्या महिन्यात वस्तीतल्या संध्याकाळच्या वर्गावर एक कार्यकर्ता मित्र आला होता. शिकलेला, बाबासाहेबांचे खंड वाचलेला, सभेत बोलायला उभा राहिला की ऐकत राहावं असा. चौथीतल्या एका पोराची वही त्यानं उचलली, दोन पानं उलटली आणि वही खाली टाकत म्हणाला, "काय हे अक्षर! कोंबडीनं उकरल्यासारखं. आपल्या पोरांना वळणच नाही."

पोरगं मान खाली घालून बसलं. मी तेव्हा बोललो नाही. पण 'वळण' हा शब्द रात्रभर डोक्यात घुमत राहिला. मराठीत हा शब्द दोन्हीकडे चालतो. अक्षराचं वळण आणि माणसाचं वळण. गावानं आमच्या बापजाद्यांना पिढ्यान् पिढ्या हेच ऐकवलं. ह्यांना वळण नाही. राहणीला नाही, बोलण्याला नाही, खाण्याला नाही. आता आपलाच माणूस आपल्याच पोराला तेच ऐकवतो. म्हणून मित्रांनो, हे लिहायला बसलो. अक्षराला वळण येतं कुठून, ते कोण कुणाला लावतं, आणि आपल्या हाताला ते कुणी लावू दिलं नाही, ह्याचाही एक इतिहास आहे. तो लढायांच्या इतिहासाएवढा मोठा नसेल, पण आपल्या बोटांत अजून शिल्लक आहे.

माझंच सांगतो. १९५७ साली मी पहिलीत गेलो. धर्मांतराला वर्ष होत आलेलं. घटनेनं अस्पृश्यता १९५० लाच काढून टाकलेली, १९५५ चा कायदाही झालेला. शाळेनं माझं नाव घातलं. बसायला जागाही दिली, दाराशी, चपलांच्या अंगाला. मास्तर तसे वाईट नव्हते. मारत नसत, शिव्या देत नसत. पहिले काही दिवस ते एकेका पोराच्या मागं उकिडवे बसायचे, पोराच्या मुठीवर आपली मूठ ठेवायचे आणि पाटीवर ग गिरवून घ्यायचे. दहादा, वीसदा. माझी पाळी आली की मास्तर समोर उभे राहायचे आणि छडीच्या टोकानं माझ्यापुढच्या मातीत ग काढायचे. "बघ आन् काढ."

आता बघा, ते समोर उभे. त्यांच्या बाजूनं सुलटा असलेला ग माझ्या बाजूनं उलटा. सहा वर्षांचं पोर मी, दिसलं तसं काढलं. पंधरा दिवस मी ग डोक्यावर उभा करत होतो आणि वर्ग हसत होता. मास्तर म्हणायचे, "येडं हाय जरा." पुढं शेजारच्याच्या पाटीत डोकावून मी अक्षर सुलटं करून घेतलं. पण हाताला बसलेली चाल गेली नाही. मास्तरची छडी माझ्याजवळून निघून त्यांच्याकडं जायची, म्हणून माझी उभी रेघ खालून निघून वर जायची. आज पंचाहत्तरीला टेकलो, अजून घाईत लिहिताना माझा काना खालून वर जातो. दर अक्षराला हात उलटा फिरतो, मग दमतो, मग अक्षर वाकतं. अस्पृश्यता कुठं कुठं शिरून बसते त्याचा हा एक नमुना, माझ्या स्वतःच्या मनगटातला.

घरी चुलते होते, तात्या. १९४१ ला महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा भरती झालेले आणि पेन्शन घेऊन नुकतेच परतलेले. त्यांनी माझी पाटी बघितली. "हे रं कुणी शिकवलं तुला?" मी सांगितलं. ते काही बोलले नाहीत. चुलीतली गार राख परातीत पसरली, मला मांडीत घेतलं, माझं बोट धरलं आणि राखेतून फिरवलं. "सैल सोड की हात. बंदूक न्हाय ती." एवढंच त्यांचं शिक्षणशास्त्र. पण राखेत बोट फिरलं आणि मला पहिल्यांदा कळलं की ग ला आधी पोट असतं आणि मग पाठ.

तात्यांना माहीत नव्हतं, पण त्यांची परात म्हणजे जुनी धूळपाटीच. गावोगावच्या पंतोजींच्या शाळेत एक लाकडी फळी असायची, तिच्यावर बारीक धूळ नाहीतर विटेची पूड पसरायची, आणि बोटानं किंवा टोकदार काडीनं लिहायचं. पंतोजी अक्षर काढून द्यायचा, पोरगं त्याच्यावरून पुन्हा पुन्हा हात फिरवायचं. चुकलं की फळी हलवली, पाटी कोरी. 'धुळाक्षरं' हा शब्द तिथला. हात बसला की मग कागद, दौत, तिरका काप दिलेला बोरू आणि पंतोजीनं लिहून दिलेला कित्ता. आज आपण एखाद्या पुढाऱ्याचा कित्ता गिरवतो म्हणतो, त्यातला कित्ता हाच.

ह्या शिक्षणाच्या सुरुवातीला श्रीगणेशा म्हणतात हे सगळ्यांना ठाऊक. पण जुनी पोरं 'ओनामासीधं' असंही घोकायची. त्यावरूनच ओनामा हा शब्द आला. मूळ आहे 'ॐ नमः सिद्धम्'. ह्या 'सिद्धम्' शब्दाकडं आपण नीट बघावं. सातव्या शतकाच्या अखेरीस इथं राहून गेलेला चिनी भिक्खू इत्सिंग लिहून ठेवतो की इथली मुलं सहाव्या वर्षी सिद्धम् नावाची अक्षरओळख सुरू करतात आणि सहा महिन्यांत संपवतात. बौद्ध ग्रंथांबरोबर जी लिपी चीन-जपानला गेली तिचं नावच सिद्धम् पडलं. ललितविस्तरात बाल सिद्धार्थ चंदनाची पाटी घेऊन लिपिशाळेत जातो. अजिंठ्याच्या १६ नंबरच्या लेण्यातही तो शाळेत बसलेला रंगवलाय. ही कथा आहे, तिला इतिहास म्हणून मी खपवणार नाही. पण आपल्या शास्त्याच्या हातात पाटी द्यावी असं ज्या परंपरेला वाटलं, तिच्यात आणि शूद्राच्या कानाला शिक्षा सांगणाऱ्या परंपरेत फरक आहे, एवढं तरी म्हणतो.

ह्या धुळीची आणखी एक गंमत. अठराव्या शतकाच्या शेवटी मद्रासला एग्मोरच्या लष्करी अनाथाश्रमावर अँड्र्यू बेल नावाचा पाद्री होता. त्यानं एका देशी शाळेत पोरांना वाळूत बोटानं अक्षरं काढताना पाहिलं आणि तीच रीत आपल्या आश्रमात आणली. मोठ्या पोरानं लहान पोराला शिकवायचं, हीही त्याची पद्धत. १७९७ ला लंडनमध्ये त्यानं ह्यावर पुस्तक छापलं आणि 'मद्रास पद्धत' म्हणून इंग्लंडातली गरिबांची पोरं वाळूच्या ताटात अक्षरं गिरवू लागली. म्हणजे इथली धूळ सात समुद्र ओलांडून गेली, पण गावाच्या वेशीबाहेर महारवाड्यात, मांगवाड्यात पोचली नाही. आणि धुळीला काय पैसे पडतात? धूळ तर आमच्याकडं गावापेक्षा जास्त होती. नव्हता तो हात धरणारा.

सरकारनं काय केलं? मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन (१८१९ ते १८२७) ह्यानं टिपणात नोंदवलं की मिशनऱ्यांना सर्वांत खालच्या जातींची मुलं उत्तम विद्यार्थी आढळतात, पण त्यांना खास उत्तेजन देताना जपलं पाहिजे. हे टिपण बाबासाहेबांनीच १९२८ साली सायमन कमिशनपुढं बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे दिलेल्या निवेदनात उघडं पाडलं. त्याच निवेदनात धारवाडचं प्रकरण आहे. १८५६ च्या जूनमध्ये एका महार मुलानं सरकारकडं अर्ज केला की फी द्यायला तयार असूनही धारवाडच्या सरकारी शाळेत मला घेत नाहीत. मुंबई सरकारनं उत्तर दिलं ते असं की एका मुलासाठी शाळा बाकीच्या साऱ्यांना निरुपयोगी करता येत नाही. पुढं वरच्या दरबारात तत्त्व मान्य झालं की सरकारी शाळा सर्वांना खुली. तत्त्व कागदावर, पोरगं रस्त्यावर. त्या मुलाला अर्ज करण्याइतपत अक्षर कुणी शिकवलं असेल, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

सरकार जपून चाललं होतं त्याच काळात पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई मात्र जपून चालले नाहीत. १८४८ ला मुलींची शाळा, १८५२ ला महार-मांगांच्या मुलांची शाळा. मुक्ता साळवे ह्या मांग समाजातल्या मुलीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. आपण त्यातला विचार सांगतो, तो सांगायलाच हवा. पण छापखान्यात जाण्याआधी तो निबंध कागदावर उतरला होता, आणि त्या पोरीचे पहिले धडे फुल्यांच्या शाळेत झाले होते. तिथं कुणीतरी तिच्याजवळ बसलं असलं पाहिजे. छडीच्या अंतरावरून असं लिहिणारं पोर घडत नाही.

आणि १८८२ ला हंटर कमिशनपुढं जोतीरावांनी जे निवेदन दिलं, ते कार्यकर्त्यांनी ह्या नजरेनं पुन्हा वाचावं. प्राथमिक शाळेत मोडी आणि बाळबोध दोन्हींचं लेखन-वाचन शिकवा, हिशेब शिकवा, अशी त्यांची मागणी होती. मोडी का? माझ्या समजुतीप्रमाणं, कुलकर्ण्याचं दप्तर मोडीत होतं म्हणून. मोडी म्हणजे हात न उचलता पळवायची लिपी. सराव असलेल्यालाच वाचता येणार. बाळबोध शिकून पोथी वाचता येईल, पण कर्जाचा कागद, वतनाचा कागद, कोर्टाचा कागद मोडीत. त्या कागदाखाली आमच्या आज्याचा अंगठा. द्रोणानं एकलव्याचा अंगठा कापून घेतला, कुलकर्ण्यानं उठवून घेतला. दुसऱ्या रीतीत रक्त दिसत नाही, एवढंच. त्याच निवेदनात जोतीराव म्हणतात की शिक्षक शेतकरी वर्गातून तयार करा, ज्याला गरज पडली तर नांगराची मूठ धरायला लाज वाटणार नाही आणि जो पोरांत मिसळेल. सोवळ्यानं लांब राहणारा मास्तर त्यांना नको होता.

पलटणीची गोष्ट वेगळी. कंपनीच्या फौजेत शिपायांना आणि त्यांच्या पोरांना शिकवायची सोय होती. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ पलटणीच्या शाळेत हेडमास्तर होते. म्हणजे बाबासाहेबांच्या घरात हात धरणारा होता. म्हणूनच मला वाटतं, शाळेनं जे केलं ते त्यांच्या बोटांपर्यंत पोचू शकलं नाही. शाळेनं काय केलं ते त्यांनी स्वतः आठवणीत लिहिलंय. साताऱ्याला ७ नोव्हेंबर १९०० ला नाव घातलं. वर्गात कोपऱ्यात एकटं बसायचं, घरून नेलेल्या तरटावर. ते तरट संध्याकाळी घरी न्यायचं, कारण शाळा झाडणारा नोकरसुद्धा त्याला शिवत नसे. पुढं मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातला प्रसंग चरित्रांत येतो. मास्तरांनी उदाहरण सोडवायला फळ्यावर बोलावलं आणि वर्गात एकच गलका झाला, कारण फळ्यामागं इतर पोरांचे डबे ठेवलेले. आधी डबे पळवले, मग भीमराव फळ्यापाशी पोचले. पाटी, तरट, खडू, फळा. विटाळ बरोब्बर लिहिण्याच्याच वस्तूंना लागत होता. शाहू महाराजांनी १९१९ साली कोल्हापुरात अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून पोरांना सरसकट शाळेत घातलं, ते फार मोठं काम. पण हुकमानं दार उघडतं, मास्तरची मूठ उघडत नाही. माझा १९५७ चा ग त्याला साक्षी आहे.

आता तुम्ही म्हणाल, हे झालं जुनं. आज कुणी छडीनं मातीत काढून दाखवत नाही. खरं. आज चाळीस-पन्नास पोरं आणि एक बाई, तिला कुणाचाच हात धरायला वेळ नाही. मग ज्याच्या घरी शिकलेली आई मांडीशी घेऊन बसते त्याचं अक्षर वळतं. ज्याची आई सकाळी सहाला कामावर जाते त्याचं वळत नाही. परीक्षेत पेपर तपासणारा दोन मिनिटं घेतो. वाचता आलं नाही की मार्क गेले. जात न विचारता गेले. आणि आपण काय करतो? तरुणांचा अभ्यासवर्ग घेतो, जातिअंतावर तीन तास बोलतो, आणि पहिलीतल्या पोरापाशी बसायला कुणी नसतं. ते काम बायकांचं वाटतं, नाहीतर किरकोळ वाटतं. आमच्या वेळी अंकाचं स्टेन्सिल कापायला ज्याचं अक्षर चांगलं तोच बसायचा, आणि असा एकच असायचा, तो आजारी पडला की अंक महिनाभर लांबायचा. तेव्हासुद्धा आम्हाला हे काम सुचलं नाही.

म्हणून वर्गावर मी जे करतो ते सांगतो. ह्यात माझं नवीन काही नाही.

पहिला महिना वही-पेन्सिल नाही. ताटात राख, वाळू, ज्वारीचं पीठ, काहीही. लहान बोटांत अजून बळ नसतं, पेन्सिल दिली की पोर मुठीत आवळतं आणि कागद फाडतं. रोममध्ये १९०७ साली मजुरांच्या वस्तीत मारिया माँटेसरीनं बालघर काढलं तेव्हा खरखरीत कागदाची अक्षरं कापून पोरांची बोटं त्यांवरून फिरवली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी बोर्डी-कोसबाडला बालशिक्षण आदिवासी पोरांच्या अंगणात नेलं. सांगायचं काय, बोटानं शिकणं ही अडाणी रीत नाही. आधी आडवी रेघ, उभी रेघ, अर्धं वाटोळं, पूर्ण वाटोळं. उभी वरून खाली, आडवी डावीकडून उजवीकडं. पोराच्या समोर बसायचं नाही, बाजूला किंवा मागं बसायचं. हे मी कुणाला वेगळं सांगायला नको.

मग अक्षरं. अ आ इ पासून नाही. अ आणि इ हाताला अवघड आहेत. ग म भ न पासून. चौघांनाही डावीकडं वळण आणि उजवीकडं उभी रेघ, एक हाताला बसलं की चारही बसतात. आणि लगेच शब्द होतात. मन, गगन, नमन. काना शिकवला की मामा, नाम. दुसरी वेलांटी शिकवली की मी. आणि तिच्याच जोडीला भीम. दोनच अक्षरं, दोन्ही पहिल्याच घरातली. आमच्या वर्गावर पोरानं हा शब्द पहिल्यांदा काढला की ते ताट घेऊन घरी पळतं आणि वाटेत राख सांडते. पुढं व ब क, मग प फ ष, मग र स ख, मग ट ठ ढ द. झ, क्ष, ज्ञ अगदी शेवटी. डोक्यावरची रेघ शब्द झाल्यावर, अख्ख्या शब्दाला एकदम. ल आणि श कसा काढायचा ह्यावर घोळ असतो, कारण हिंदीचं पुस्तक वेगळं दाखवतं. २००९ साली शासनानं मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवलाय, तोच शिकवा, दोन्ही नको.

पेन्सिल तीन बोटांत. बुटका तुकडा लहान हाताला उलट बरा पडतो, नव्यासाठी अडून बसू नका. वही आधी मोठ्या रेघांची. दोन शब्दांत एक बोट जागा. रोज दहा मिनिटं, रविवारी दोन तास नाही. डावखुऱ्या पोराचा हात बदलायचा नाही, त्याची वही थोडी उजवीकडं तिरपी करून द्या. आणि वर्गातली चौथी-पाचवीची पोरं पहिलीच्या पोरांना जोडून द्या. मोठ्याचं अक्षरही त्यात सुधारतं, कारण दुसऱ्याचा हात फिरवताना स्वतःचा सावकाश फिरवावा लागतो.

पोरांना लेण्यांवर नेता तेव्हा शिलालेखापाशी थांबा. ब्राह्मीतला क म्हणजे नुसती अधिकची खूण, ठ म्हणजे वाटोळं, ग म्हणजे झोपडीचं छप्पर. पाच वर्षांचं पोरही काढतं. कार्ल्याच्या दाराच्या दानलेखात एका सुताराचं नाव आहे. हाताने काम करणाऱ्याचं नाव, दगडात, दोन हजार वर्षं. पोरांना ते वाचून दाखवा आणि मातीत काढू द्या.

ज्या पोराची वही मित्रानं टाकली होती, त्याला दुसऱ्या दिवशी मी जवळ बसवलं आणि त्याचा हात कसा चालतो ते बघितलं. त्याची उभी रेघ खालून वर जात होती. कुणी शिकवलं विचारलं. म्हणाला, कुणी नाही, बघून काढलं. चौथीतलं पोर ताटात बोट घालायला लाजत होतं, म्हणून आम्ही दोघांनी दोन ताटं घेतली. त्याच्या ताटात तो, माझ्यात मी, दोघंही रेघ वरून खाली. तीन आठवडे झाले. त्याची बरीच सुधारली आहे. माझी घाईत अजून चुकते, आणि तो लगेच ओरडतो, "आजोबा, वरनं!"